पुन्हा फुलणारे झाड : नांदेडच्या कपाशीचा धडा

निजामी राजवटीत नांदेडचे नाव बाजारात घेतले जाई ते गावरानी कपाशीमुळे. उस्मानशाही गिरणीच्या या गावाचे कापूसवैभव याच देशी जातीवर उभे होते. शेतातल्या सरमिसळ झाडांतून निवड करीत गावरानी ६, गावरानी १२ असे वाण पुढे सिद्ध झाले.

या इतिहासाकडे आम्ही वळलो ते एका प्रश्नापायी : बदलत्या हवामानात टिकणारे पीक म्हणजे नेमके कोणते? परिस्थितीनुसार रूप बदलण्याची वनस्पतीची क्षमता, अर्थात लवचीकता, ही स्वतःच आनुवंशिक असते व तिच्यावरही निवडीचा परिणाम होतो, असे अँथनी ब्रॅडशॉ यांनी १९६५ साली मांडले. कपाशी हे त्याचे चांगले उदाहरण. पावसाने ओढ दिली की ती पात्या-फुले गाळते. पाऊस परतला की पुन्हा पात्या धरते.

१९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९८० च्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हा संकरित वाण दिला. तो अमेरिकी कुळातला. तरी ताणानंतर पुन्हा बहरण्याच्या गुणामुळेच कोरडवाहू शेतकऱ्याने तो आपलासा केला. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि खाजगी बीटी संकरांपुढे तो मागे पडला. बीटी जनुकाने बोंडअळीपासून संरक्षण दिले, हे खरे. पण ताण सोसण्याचा गुण त्या जनुकात नसतो. तो वाणाच्या मूळ पिंडातच असावा लागतो. पुढे महाबीजच्या सहकार्याने एनएचएच-४४ लाच बीटी रूपात आणले गेले, ही त्याचीच कबुली नव्हे काय?

लातूरकडे सोयाबीनने शिवार व्यापले आहे. पीक जेमतेम शंभर दिवसांचे. शेंगा भरताना पाऊस दडला तर सावरायला दिवसच उरत नाहीत. शेजारच्या तासातली तूर मात्र पुढेही उभी राहते आणि परतीच्या पावसावर फुलते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. माणसांची तहान अशी भागवता येते, शिवाराची नाही. म्हणून वाणाची परीक्षा चांगल्या वर्षीच्या उताऱ्यावर थांबू नये, असे आम्हांला वाटते. वाईट वर्षी शेतकऱ्याच्या घरात काय आले, हेही त्या परीक्षेत मोजले पाहिजे.