आधारची एक प्रत, ठिकाणे पाच!

झेरॉक्स केंद्रापासून क्लाउडपर्यंत : खासगी माहिती जपण्याचे रोजचे निर्णय

गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा येथे मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. परिसरातील गावांची ये-जा असलेल्या अशा नाक्यांवर झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांची कामे सतत सुरू असतात. धान खरेदीची नोंदणी असो, शिष्यवृत्ती असो वा उत्पन्नाचा दाखला. आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो केंद्रचालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायचे आणि छापील प्रत घेऊन निघायचे, ही पद्धत आता शहरांप्रमाणेच गावोगावीही रूढ झाली आहे.

काम काही मिनिटांत होते; प्रती मात्र मागे राहतात. एक पाठवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये, दुसरी केंद्रचालकाच्या मोबाइलमध्ये, तिसरी त्याच्या संगणकात आणि दोघांचाही बॅकअप सुरू असेल तर आणखी दोन क्लाउडमध्ये! व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये संदेशांना संपूर्ण कूटबद्धता दिली. तिच्यामुळे वाटेत कोणी संदेश वाचू शकत नाही. मुक्कामी पोहोचलेल्या प्रतीचे काय होते, यावर मात्र तिचे नियंत्रण नसते. पाठवलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवसांची आहे आणि तोवर संगणकात उतरवून घेतलेली प्रत त्याने पुसली जात नाही.

आधार किती दाखवावे?

देशातील पहिले आधार पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. पुढे हेच पत्र प्रत्येक कामासाठी मागितले जाऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

आधारची छायाप्रत सरसकट देऊ नये, तसेच सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवल्यास ती फाइल कायमची पुसावी, अशी सूचना आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढली होती. गैरसमज होऊ शकतो, या कारणाने ती दोनच दिवसांत मागे घेण्यात आली. तरीही फाइल पुसण्याचा सल्ला व्यवहारात उपयुक्तच आहे. याखेरीज आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते. केवळ ओळख पटवायची असेल, तेथे ते पुरेसे ठरते.

डिजिलॉकर आणि क्लाउड

केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारची कागदपत्रे असतात. संबंधित खात्याकडून थेट आलेली कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नसतो. हा फरक ठाऊक नसल्यास ऐनवेळी अडचण होते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावरील भाड्याची जागा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तेव्हापासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी मोफत जागा आहे. ती भरली की नवे फोटो साठवले जात नाहीत आणि ईमेल येणेही थांबू शकते. शिवाय बॅकअप झालेला फोटो मोबाइलवरील गूगल फोटोजमधून पुसल्यास तो क्लाउडमधूनही जातो. साठ दिवसांपर्यंतच तो कचरापेटीतून परत आणता येतो. म्हणून महत्त्वाच्या फोटोंची आणि कागदपत्रांची एक प्रत घरी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर असावी.

कायदा काय सांगतो?

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, तर त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती घेण्यामागचा हेतू स्पष्ट सांगणे, दिलेली संमती मागे घेता येणे आणि गरज संपल्यावर माहिती पुसणे ही त्याची मुख्य सूत्रे. यातील बहुतेक बंधने अठरा महिन्यांनी लागू करण्याचे त्या वेळच्या अधिसूचनेत ठरवण्यात आले. परंतु हातातून गेलेली प्रत कायदाही सहजी परत आणू शकत नाही.

एवढे अवश्य करा

केंद्रावर काम झाल्यावर फाइल डाउनलोडमधून आणि ‘रिसायकल बिन’मधूनही आपल्यासमोर पुसायला सांगावी. तेथे स्वतःचे ईमेल किंवा व्हॉट्सअॅप वेब उघडले असल्यास लॉग आउट करूनच उठावे. छायाप्रतीवर दिनांक आणि कारण लिहावे. ईमेल खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. ओटीपी मात्र कोणालाही, अगदी ओळखीच्या केंद्रचालकालाही, फोनवरून सांगू नये. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कपाटाची किल्ली आपण नाक्यावर ठेवून येत नाही. आधारची फाइल तेथे सोडून येतानाही तेवढाच विचार व्हायला हवा.