गव्याच्या जंगलातली बोटाएवढी पाल

दाजीपूरहून कोणी आलं की आपण पहिलं काय विचारतो? ‘गवा दिसला का?’ मीही तेच विचारायचो. आज मात्र त्याच जंगलातल्या एका पालीची गोष्ट सांगतो. तिच्या नावातच आपलं कोल्हापूर आहे.

आधी जंगलाचा इतिहास. संस्थानच्या काळात हे कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, इथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. १९८५ मध्ये हद्द वाढली आणि ‘राधानगरी अभयारण्य’ हे नाव आलं. आज क्षेत्र आहे सुमारे ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात राधानगरीही आलं.

म्हणजे बघा, आधी हे रान राखलं शिकारीसाठी, मग गव्यासाठी. पाल कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. ती मात्र तिथंच होती, पायाखालच्या पाचोळ्यात!

तिला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये. वरद गिरी, आरन बाउअर आणि क्षमता गायकवाड यांनी दाजीपूरच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन प्रसिद्ध केलं : निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. अभयारण्य होऊन तोवर ५१ वर्षं झाली होती.

इतकी वर्षं कशी काय दिसली नाही? एक तर ती इवलीशी. शेपटी सोडली तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. त्यात रंग मातीसारखा. आणि पाल म्हटलं की आपल्याला भिंतीवरचीच आठवते. घरातल्या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात, डोळ्यातली बाहुली उभी चीर असते. हिची बोटं बारीक, नखांची, आणि बाहुली आपल्यासारखी गोल. या कुळातल्या पाली बहुतेक दिवसा फिरतात. शिवाय ही जमिनीवर राहणारी.

पुढं २०१४ मध्ये कास भागातल्या अशाच एका नव्या पालीला गिरींच्याच सन्मानार्थ ‘निमास्पिस गिरी’ नाव मिळालं. २०१६ मध्ये आंबोलीतूनही एक नवी जात नोंदवली गेली. अशा जाती सह्याद्रीच्या छोट्या छोट्या पट्ट्यांतच सापडतात.

म्हणूनच सांगतो, वणवा लागला तर गवा उठून दुसऱ्या रानात जाईल. बोटाएवढी पाल किती पळणार? आपण ज्याला कचरा म्हणतो, तो पाचोळाच तिचं घर आहे.

पुढच्या वेळी दाजीपूरला गेलात तर गवा शोधाच. पण जरा खालीही बघा.