ऑटोमॅटिक घड्याळ दोन दिवसांत बंद पडतं? वॉच वाइंडर घेण्याआधी हे वाचा

शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं ऑटोमॅटिक घड्याळ सोमवारी सकाळी बंद दिसतं. सेल संपला असेल, असं अनेकांना वाटतं. पण या घड्याळात सेल नसतोच आणि ते असं थांबणं हा बिघाडही नाही.

घड्याळ चालतं कसं?

आत अर्धगोल आकाराचं एक वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंगला चावी बसते. स्प्रिंग हळूहळू उलगडते, तोवर काटे फिरतात. बऱ्याच घड्याळांत हा साठा ४० तासांच्या आसपास टिकतो. टिसोच्या पॉवरमॅटिक ८० मध्ये तो ८० तासांपर्यंत जातो.

वाइंडर काय करतो?

मोटरवर चालणारी ही पेटी घड्याळ थोडा वेळ फिरवते, मग थांबते. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: दिवसाचे फेरे आणि दिशा. बहुतेक घड्याळांना रोज ६५० ते ८०० फेरे पुरतात. सेइकोची बहुतेक घड्याळं दोन्ही दिशांनी चावी घेतात, काही घड्याळं एकाच दिशेने. दिशा चुकली तर रोटर नुसताच फिरतो आणि घड्याळ वाइंडरमध्येच बंद पडतं. म्हणून आपल्या मॉडेलचा आकडा आधी तपासा.

जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल का?

नाही. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक आतल्या डबीच्या भिंतीवरून घसरतं. झीज मात्र होते. घड्याळ चोवीस तास चालू राहिलं की आतले भागही चोवीस तास घासतात.

मग घ्यावा कोणी?

ज्या घड्याळात महिना, लीप वर्ष किंवा चंद्रकला दिसते, ते बंद पडलं की पुन्हा लावणं किचकट असतं. तिथे वाइंडर कामाचा. आलटून पालटून तीन-चार घड्याळं वापरणाऱ्यांचीही सोय होते.

रोज एकच घड्याळ घालत असाल, तर गरज नाही. साधं घड्याळ थांबलं तर चावीला २०-३० वेढे द्या आणि वेळ लावा. सेइकोच्या ७एस२६ सारख्या यंत्राला हाताने चावी देता येत नाही. ते अलगद हलवून चालू करा. तारीख मात्र रात्री ९ ते पहाटे ३ दरम्यान बदलू नका. तेव्हा तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात.

वडिलांचं जुनं एचएमटी कांचन कपाटात सापडलं असेल, तर ते थेट वाइंडरवर चढवू नका. वर्षानुवर्षं पडून आतलं तेल सुकलेलं असू शकतं आणि कोरडे भाग फिरत राहिले की झिजतात. जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळवणं सोपं नसतं. वाइंडरचे पैसे आधी चांगल्या घड्याळजीकडे सर्व्हिसिंगला द्या. बंद ठेवलेलं घड्याळ खराब होत नाही, सुकं चालवलेलं होतं.