प्लायवूडचा ओंडका कोठून येतो?

श्रोतेहो, शाळेतले टेबल, बँकेतला काउंटर किंवा नव्या घरातले कपाट यांची कड एकदा जवळून पाहा. पुष्कळदा ती अखंड फळी नसते. एकावर एक बसवलेले लाकडाचे पापुद्रे तुम्हाला दिसतील. हेच प्लायवूड. ओंडका वाफेवर मऊ करायचा, यंत्रावर गरगर फिरवायचा आणि त्याला लांब पाते लावायचे. गुंडाळलेली चटई उलगडावी तसा सलग पापुद्रा सुटत जातो. मग एकाचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे, असे पापुद्रे चिकटवून दाबले की तक्ता तयार. कृती काही फार अवघड नाही. अवघड आहे तो ओंडका मिळवणे! तो जाड हवा, सरळ हवा, गाठी नसलेला हवा.

शिक्षक बंधुभगिनींनी आता भिंतीवरचा नकाशा जवळ घ्यावा आणि आसामचे वरचे टोक शोधावे. चहाच्या मळ्यांना चहा भरून पाठवायला प्लायवूडची खोकी लागत. आरंभी ती परदेशांतून येत. दुसऱ्या महायुद्धात तो माल तुटला आणि देशी कारखान्यांना बरकत आली. शेजारच्या जंगलात होलाँग नावाचा वृक्ष उभा होताच. उंच, खांबासारखा सरळ, खालच्या बाजूला फांदी म्हणून नाही. जणू यंत्रासाठीच घडवला होता. ओंडके येत राहिले, गिरण्या वाढत राहिल्या. पण असा वृक्ष वाढायला किती पिढ्या लागतात, याचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. जंगलाचा माल स्वस्तात मिळत असला म्हणजे हिशेब मांडतो कोण?

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कारखानदारांना साफ सांगितले, की तुमचा कच्चा माल तुम्हीच उभा करा, शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून. सवलतीच्या दरातला जंगलमाल बंद झाला पाहिजे. पण कागदावरचे वाक्य गिरणीच्या दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ते पोहोचवले न्यायालयाने. केरळातल्या निलंबूरचे गोदावर्मन तिरुमुल्पाद यांनी १९९५ साली निलगिरी भागातल्या जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या अर्जावर १२ डिसेंबर १९९६ रोजी जो हुकूम झाला, त्याने साऱ्या देशाची जंगले कवेत घेतली. अरुणाचलातल्या तिराप आणि चांगलांग या जिल्ह्यांच्या सदाहरित अरण्यांत झाड तोडायचे नाही. तिथल्या, तसेच सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या आतल्या आसामातल्या करवती आणि प्लायवूडच्या गिरण्या ताबडतोब बंद. ईशान्येकडचे लाकूड बाहेरच्या राज्यांत न्यायलाही बंदी झाली. जंगल वाचले पाहिजे होते, यात मला शंका नाही. पण त्या गिरण्यांवर पोट असलेल्या मजुराने काही जंगल कापून माडी बांधली नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

मग प्लायवूड थांबले का? नाही. वरचा देखणा पापुद्रा पुष्कळ गिरण्यांनी ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, गर्जन लाकडापासून काढला. १ एप्रिल २०१४ पासून त्या देशाने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा हे दारही मिटले. आतले पापुद्रे मात्र शेतातून येऊ लागले होते, आणि आपल्या दृष्टीने खरी गोष्ट तीच.

उत्तरेत पॉप्लर नावाचे झाड आहे. मूळचे अमेरिकेतले. आपल्या अंबरनाथलाही जिचा कारखाना होता, त्या विम्को कंपनीला आगकाड्यांसाठी मऊ लाकूड हवे होते. १९८४ च्या सुमारास नाबार्डच्या साहाय्याने तिने शेतकऱ्यांना रोपे, सल्ला, बँकेचे कर्ज आणि खरेदीची हमी अशी योजना दिली. हिवाळ्यात या झाडाची पाने गळतात, त्यामुळे खालच्या गव्हाला ऊन मिळते. पहिली एक-दोन वर्षे ऊसही घेता येतो. सहा-सात वर्षांत झाड तोडणीला येते. आपल्याकडच्या हवेत ते नीट येत नाही, तेव्हा कोणी रोपे मागवायला धावू नये! पण पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाच्या तराईत ते बांधाबांधावर उभे राहिले, आणि हरियाणातले यमुनानगर प्लायवूडचे मोठे ठाणे बनले. बारीक ओंडकाही शेवटपर्यंत सोलणारी यंत्रे आल्यावर निलगिरीच्या लाकडालाही मागणी आली.

इथे शेतकऱ्याची गाठ एका निराळ्याच बाजाराशी पडली. गव्हाचा भाव पडला तर पुढच्या हंगामात हरभरा पेरता येतो. सहा वर्षांच्या झाडाचे काय करणार? पुष्कळांनी एकदमच लावले, आणि तोडणीही एकदमच आली. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पॉप्लरचा भाव कोसळला. ट्रॉल्या भरून माल यमुनानगरच्या बाजारात यायचा आणि गिरणीवाला सांगेल त्या दराने घालावा लागायचा. चिडून कित्येकांनी कोवळी झाडे उपटून टाकली, नवी लावायचे सोडले. त्यामुळे काही वर्षांनी गिरण्यांनाच लाकूड पुरेना आणि भाव चढू लागला. पण तो घ्यायला शेतात झाड उभे हवे ना? ज्यांनी उपटले होते, त्यांनी पुन्हा रोप लावून वर्षे मोजायला सुरुवात केली.