प्रशासकीय अधिकारांविना एसएसएच सर्व्हर

दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी वापरली जाणारी 'सिक्युअर शेल' अर्थात एसएसएच ही प्रणाली १९९५ मध्ये फिनलंडमध्ये जन्मास आली. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर परवलीचे शब्द चोरले जात असल्याचे उघड झाल्यानंतर तातू युलोनेन यांनी ती लिहिली. आज सर्वत्र आढळणारी 'ओपनएसएसएच' ही मुक्त आवृत्ती ओपनबीएसडी प्रकल्पाने १९९९ मध्ये आणली.

हा सर्व्हर चालविण्यासाठी 'रूट' म्हणजे प्रशासकाचे अधिकार हवेतच, असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. युनिक्स परंपरेत १०२४ पेक्षा कमी क्रमांकाची पोर्ट प्रशासकासाठी राखीव असतात आणि एसएसएचचे ठरलेले पोर्ट २२ आहे. खरा अडसर हाच. २२२२ सारखे वरचे पोर्ट निवडल्यास सामान्य वापरकर्त्यालाही सर्व्हर सुरू करता येतो. त्यासाठी 'एसएसएच-कीजेन' वापरून यजमान संगणकाची किल्ली स्वतःच्या निर्देशिकेत तयार करावी, संरचनेची स्वतंत्र फाइल लिहून तिच्यात पोर्ट, किल्लीचे स्थान व प्रक्रिया क्रमांकाच्या फाइलचे स्थान नमूद करावे आणि 'एसएसएचडी' हा प्रोग्राम त्याच्या संपूर्ण पत्त्यासह चालवावा. नुसते नाव दिल्यास तो सुरूच होण्यास नकार देतो. अनेकांची पहिली ठेच येथेच लागते.

मर्यादाही आहेत. असा सर्व्हर दुसऱ्या कोणाचे रूप घेऊ शकत नाही; त्यामुळे ज्याने तो सुरू केला त्याच्याच खात्यात प्रवेश मिळतो. परवलीच्या शब्दांची 'शॅडो' फाइल त्याला वाचता येत नसल्याने सार्वजनिक किल्लीवरच भिस्त ठेवावी लागते. ती किल्ली असलेली फाइल किंवा गृहनिर्देशिका इतरांना लिहिण्यास खुली असेल, तर सर्व्हर ती किल्ली अमान्य करतो आणि वापरकर्ता कारण शोधत बसतो. अशा वेळी '-डी' हा दोषशोधनाचा पर्याय (इंग्रजी लहान लिपीतील) उपयोगी पडतो.

अँड्रॉइड फोनवरील 'टर्मक्स' हे या पद्धतीचे परिचित उदाहरण होय. फोनमालकाकडे रूट अधिकार नसतानाही त्यातील सर्व्हर ८०२२ या पोर्टवर चालतो.

धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. अनेकांच्या सामायिक संगणकावर हा सर्व्हर बंद पडल्यास तेच पोर्ट दुसरा कोणीही वापरकर्ता बळकावू शकतो व आपला बनावट सर्व्हर तेथे उभा करू शकतो. २२ क्रमांकाच्या पोर्टवर सामान्य वापरकर्त्याला हे साधत नाही. म्हणून यजमानाची किल्ली बदलल्याची सूचना पडद्यावर आल्यास ती घाईने डावलू नये. शिवाय महाविद्यालय वा कार्यालयाच्या यंत्रणेवर असे दार उघडण्यापूर्वी तेथील प्रशासकाची अनुमती घेणे आवश्यक ठरते. तांत्रिकदृष्ट्या शक्य असलेली प्रत्येक गोष्ट नियमांना मान्य असतेच असे नाही.