देसाईगंजची रात्र, तीन निकाल

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत आहे. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री काय घडले, ते न्यायालयीन कागदपत्रांतून जुळवता येते.

मुलगी अनाथ होती, भावाजवळ राहून मोलमजुरी करायची. जिच्याकडे कामाला जायची तिच्या नात्यातल्या तरुणाशी तिचे सूत जुळले. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने दिली, म्हणून सगळ्यांना रात्री ठाण्यात आणले गेले. जबाब आटोपले तेव्हा साडेदहा झाले होते. मुलीच्या जन्मतारखेची नोंद आणून द्या, असे सांगून जबाब घेणारा हेड कॉन्स्टेबल घरी गेला. बाकीचे निघाले, तेव्हा ठाण्यातल्या दोघा पोलिसांनी तिला थांबवून घेतले आणि सोबतच्यांना बाहेर जायला सांगितले. दार आतून लागले, दिवे मालवले गेले. बाहेरच्यांनी हाका मारल्या, तर ती केव्हाच गेली, असे उत्तर मिळाले. थोड्याच वेळात ती आतूनच बाहेर आली आणि झाला प्रकार तिने सांगितला. जमाव चिडला, तेव्हा कुठे फिर्याद नोंदली गेली.

वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अहवालात तिचे वय १४ ते १६ वर्षे धरले आहे. अंगावर जखमा नाहीत आणि पूर्वी शरीरसंबंध आलेला आहे, अशाही नोंदी आहेत. पुढचा सारा खटला या दोन नोंदींभोवती फिरला.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना दोषी धरले. ठाण्यात, अनोळखी पोलिसांपुढे, भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून प्रतिकाराची गोष्ट खोटी. पुरावा तिन्ही न्यायालयांपुढे तोच होता. बंद ठाण्यात पोलिसाच्या हाती किती सत्ता असते, हे उच्च न्यायालयाने विचारात घेतले आणि निकाल फिरला.

वर्षभराने उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक त्यांनी मांडला. १९८० मध्ये मुंबईसह ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. निकाल बदलला नाही, १९८३ मध्ये कायदा मात्र बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, अशी तरतूद आली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. म्हणून इथेही तिचे नाव दिलेले नाही. तिचे पूर्वचारित्र्य काढून साक्ष खोटी ठरवण्याची मुभा देणारे कलम २००३ मध्ये वगळले गेले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात लिहिले गेले ते २०१३ मध्ये.

या सुधारणांचा लाभ पुढच्या बायकांना मिळाला. देसाईगंजच्या त्या मुलीला न्याय मिळाला नाही, तो नाहीच.