मोजपट्टीच नाहीशी होते तेव्हा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघाले की वाटेत वैशाखरे हे गाव लागते, आणि तेथून थोडे पुढे गेल्यावर नाणेघाटाची पायवाट सुरू होते. घाटमाथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा जो शिलालेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणेची मोजदाद कोरलेली आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांच्या संख्या तेथे ब्राह्मी अंकांत लिहिलेल्या आढळतात. अभ्यासकांनी हे अंक वाचले; परंतु कार्षापण हे नाणे कोणत्या वजनाचे, हे ठाऊक नसेल तर नुसता अंक वाचून आपल्या हाती काय लागते? संख्या कळते, मोल कळत नाही. मोजणे म्हणजे एका अज्ञात वस्तूला दुसऱ्या, ज्ञात मानलेल्या वस्तूशेजारी ठेवणे होय. त्या दुसऱ्या वस्तूवर आपण विश्वास टाकलेला असतो आणि बहुधा तो टाकल्याचे आपण विसरून गेलेलो असतो.

हा विसर किती महाग पडू शकतो, याचे एक उदाहरण आम्हांस विज्ञानाच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. कवटीला धक्का न लावता जिवंत मेंदूतील रसायने मोजण्याची जी पद्धत आज रुग्णालयांत वापरली जाते, ती आण्विक चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटावर आधारलेली आहे. साहित्याच्या वाचकाला या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की हाही एका वाचनाचाच इतिहास आहे.

काही अणूंची केंद्रके सूक्ष्म चुंबकांप्रमाणे वागतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांना ठरावीक कंप्रतेच्या रेडिओलहरी दिल्या की ती प्रतिसाद देतात. १९४५ च्या अखेरीस हार्वर्ड येथे पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणात, तर १९४६ च्या आरंभी स्टॅनफर्ड येथे फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात हा प्रतिसाद टिपला. १९५२ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. केंद्रकांचे चुंबकीय गुणधर्म अचूक मोजावेत, एवढीच तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांची इच्छा होती. परंतु १९५० साली प्रॉक्टर आणि यू यांना अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा एक संकेत मिळण्याऐवजी दोन मिळाले. केंद्रक तेच, क्षेत्र तेच, तरी उत्तरे दोन. केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरील क्षेत्र किंचित अडवतात आणि हा आडोसा प्रत्येक रासायनिक परिसरात निरनिराळा असतो, हे त्याचे कारण. भौतिकशास्त्रज्ञाला जो अडथळा वाटला, तोच रसायनशास्त्रज्ञाचा ठेवा ठरला.

१९५१ साली स्टॅनफर्डहूनच एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक तीन : आर्नल्ड, धरमट्टी आणि पॅकर्ड. साध्या इथिल अल्कोहोलातील हायड्रोजन त्यांनी तपासला आणि त्यांना तीन शिखरे दिसली. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्यावर आणि एक ऑक्सिजनवर. शिखरांची क्षेत्रफळेही त्याच प्रमाणात, तीनास दोनास एक. म्हणजे शिखराची जागा 'कोण' हे सांगते आणि त्याचे क्षेत्रफळ 'किती' हे सांगते. मेंदूतील रसायनांचे पुढील सारे मोजमाप या दोन वाक्यांवर उभे आहे.

या तिघांपैकी एस. एस. धरमट्टी पन्नाशीच्या दशकात भारतात परतले आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विषयाचा गट उभारला. संस्था तेव्हा मुंबईत अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत होती. कुलाब्याची वास्तू पुढे १९६२ साली आली. भारतात हा विषय त्या काळी इतरत्रही रुजत होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ सालीच वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावर निबंध प्रसिद्ध केला होता, तर कोलकात्याच्या ए. के. साहा आणि टी. पी. दास यांचा ग्रंथ १९५७ चा. मुंबईतील परंपरा पुढे गिरिजेश गोविल, रामकृष्ण होसूर आदींनी जीवरेणूंकडे वळवली. अल्कोहोलच्या नळीपासून प्रथिने आणि डीएनए यांच्यापर्यंतचा हा प्रवास एका पिढीत घडला. तरीही या विद्येची कथा सांगताना ब्लॉख आणि पर्सेल ही दोनच नावे उच्चारली जातात. तीन शिखरांखालचे धरमट्टींचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा भेटत नाही, याची खंत आम्हांस वाटते.

आता नळीतून देहाकडे वळू. १९७३ साली मून आणि रिचर्ड्स यांनी तांबड्या रक्तपेशींतील फॉस्फरसच्या शिखरांवरून पेशींच्या आतली आम्लता मोजली. १९७४ साली ऑक्सफर्ड येथे उंदराच्या स्नायूचा वर्णपट मिळाला. १९८३ साली लंडनमध्ये नवजात अर्भकांच्या मेंदूतील फॉस्फरसयुक्त ऊर्जाद्रव्ये मोजण्यात आली. जन्मतः श्वास कोंडलेल्या बालकांच्या मेंदूत काय घडते, हे वैद्यांना प्रथमच बाहेरून पाहता आले. त्याच वर्षी येल येथे जिवंत उंदराच्या मेंदूतील हायड्रोजनचा वर्णपट प्रसिद्ध झाला आणि दोन-तीन वर्षांत माणसाच्या मेंदूची पाळी आली.

हायड्रोजनची अडचण अशी की मेंदूत पाणी अमाप, आणि त्याचा संकेत इतर रसायनांच्या संकेतांहून हजारो पटींनी मोठा. जत्रेतल्या ढोलाशेजारी कुजबुज ऐकण्यासारखेच ते काम! म्हणून आधी पाण्याचा आवाज युक्तीने दाबावा लागतो. मग मेंदूचा काही घन सेंटिमीटरचा तुकडा निवडला की आलेखावर ओळखीची शिखरे उभी राहतात. दशलक्षांशांच्या मापपट्टीवर २.० जवळ एन-अॅसिटिल अॅस्पार्टेट, ३.० जवळ क्रिएटिन, ३.२ जवळ कोलिनयुक्त संयुगे. यांतील पहिले द्रव्य १९५६ साली मांजराच्या मेंदूत सापडले होते. ते मुख्यतः चेतापेशींत असते, त्यामुळे त्याचे शिखर खचले की चेतापेशी मेल्या वा दुबळ्या झाल्या असा अर्थ लावतात. उलट कॅनव्हन नावाच्या बालरोगात हे द्रव्य मोडणारे विकरच काम करीत नाही आणि तेच शिखर भलतेच उंच होते. आपल्याकडे मेंदूतील क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ यांत फरक करणे हा वैद्यांपुढचा नेहमीचा पेच असतो. क्षयाच्या गाठीत स्निग्ध पदार्थांची शिखरे ठळक दिसतात आणि निदानाला त्यांचे साहाय्य होते.

परंतु शिखर 'खचले' म्हणजे कोणाच्या तुलनेत? यंत्राच्या आकड्यांना स्वतःचे एकक नसते. चुंबक, तारेचे वेटोळे, रुग्णाच्या डोक्याचा आकार, सारे त्यांत मिसळलेले असते. म्हणून एक सोपा मार्ग रूढ झाला. क्रिएटिन मेंदूत बहुधा स्थिर असते, असे मानून बाकीच्यांचे त्याच्याशी गुणोत्तर काढायचे. क्रिएटिन हे या क्षेत्राचे कार्षापण झाले.

१९९४ साली जर्मनीतील गटिंगन येथून सिल्विया श्टॉकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बालकाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची वाढ खुंटली होती आणि हालचाली विकृत झाल्या होत्या. त्याच्या मेंदूचा वर्णपट घेतला तेव्हा ज्याच्याशी तुलना करायची ते क्रिएटिनचे शिखरच जवळजवळ नव्हते. गुणोत्तरे पाहून थांबणाऱ्याने हे आकडे चुकीचे ठरवून बाजूला टाकले असते. या वैद्यांनी मात्र मोजपट्टीकडेच पाहिले. शरीरात क्रिएटिन तयार करणाऱ्या एका विकराचा तो जन्मजात अभाव होता, आणि तोंडावाटे क्रिएटिन देताच बालकात सुधारणा दिसू लागली. एक नवा आणि उपचार करता येण्याजोगा रोग अशा रीतीने सापडला.

पुढे अनेक प्रकारच्या गाठींतही क्रिएटिन कमी होते हे स्पष्ट झाले आणि नुसत्या गुणोत्तरांवरचा विश्वास डळमळला. काहींनी मेंदूतील पाण्यालाच मापदंड केले. पण सूज आली की पाणीही वाढते. काहींनी ज्ञात द्रावणाची बाटली यंत्रात ठेवून तिच्याशी तुलना केली; तीही यंत्राच्या सर्वत्र सारख्या वागण्यावर विसंबते. गृहीतावाचून मोजपट्टी नाही, हेच खरे. शहाणपण एवढेच की अहवालात आकड्याशेजारी मापदंडही लिहिलेला असावा आणि वाचणाऱ्याने तो आधी वाचावा.

साहित्याच्या वर्गात आपणही एका कृतीला दुसरीच्या शेजारी ठेवून थोर वा क्षीण ठरवतो, आणि ती दुसरी कृती कोणी, कधी स्थिर मानली हे क्वचितच विचारतो. आमचे म्हणणे इतकेच की ज्या शिखराशी आपण साऱ्यांची तुलना करीत आलो, ते जागेवर आहे ना, हे अधूनमधून पाहावे. गटिंगनच्या त्या बालकाचा उपचार तेवढ्या पाहण्यातून सुरू झाला.